मराठवाड्याच्या कोरड्या हवेत सौरसंचाची कामगिरी कशी तपासावी

छतावर सौरसंच बसवून वर्ष उलटले की मराठवाड्यातल्या अनेक घरांत एकच प्रश्न निघतो. ऊन तर मे महिन्यात सर्वांत कडक असते, मग युनिट मार्चपेक्षा कमी का पडतात? ज्याने संच बसवला त्याला विचारले तर ‘धूळ असेल’ असे उत्तर बहुधा ठरलेले असते. ते खोटे असतेच असे नाही, पण धुळीमुळे किती टक्के, उष्णतेमुळे किती, लाइट गेल्यामुळे किती आणि खऱ्या बिघाडामुळे किती, हे वेगवेगळे काढल्याशिवाय त्या उत्तराला काही किंमत नाही. मूल्यमापन म्हणजे नेमकी हीच वाटणी. ती करण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एक वही, इन्व्हर्टरचे (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या यंत्राचे) अॅप, एक साधा तापमापक आणि त्रैराशिक इतक्या भांडवलावर घरमालकाला, शाळेला किंवा ग्रामपंचायतीला आपला संच ठीक चालला आहे की नाही हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते.

आधी नोंदी नीट हव्यात

सर्वाधिक गोंधळ वीजबिलावरून होतो. नेट मीटर घरातून बाहेर गेलेली आणि बाहेरून घरात आलेली वीज मोजतो. दुपारी पॅनेलवर तयार होऊन घरातल्या घरात कूलरने किंवा पाण्याच्या मोटारीने वापरलेली वीज त्याच्या हिशेबात येतच नाही. त्यामुळे उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की बिलावरची निर्यात घटते आणि संच मंदावला असा समज होतो, प्रत्यक्षात तो पूर्वीइतकाच काम करत असतो. मूल्यमापनासाठी वेगळ्या निर्मिती मीटरवरचा आकडा घ्यावा, आणि तो मीटर नसेल तर इन्व्हर्टरच्या पडद्यावरील एकूण युनिटांचा. इन्व्हर्टरचा आकडा दोन-तीन टक्के इकडेतिकडे असू शकतो, पण दर महिन्याला तोच आकडा वापरला तर तुलनेला बाधा येत नाही. वाचन महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, सूर्य मावळल्यावर घ्यावे.

दुसरी नोंद क्षमतेची. कागदोपत्री ‘३ किलोवॅटचा संच’ असे लिहिलेले असले तरी तो आकडा अनेकदा इन्व्हर्टरचा असतो. छतावर ५५० वॅटची सहा पॅनेल असतील तर हिशेबाला ३.३ किलोवॅट धरले पाहिजेत. पॅनेलच्या मागच्या पट्टीवर वॅट छापलेले असतात; तापमान गुणांक (तापल्यावर शक्ती किती घटते तो आकडा) आणि ‘एनओसीटी’ (ठरावीक ऊन-हवेत पॅनेल किती तापते तो आकडा) पट्टीवर नसतील तर पॅनेलच्या माहितीपत्रकात मिळतात. त्यांचा फोटो आताच काढून ठेवावा, कारण पुढचे सगळे गणित त्यांच्यावर उभे आहे आणि वर्षभराने त्या पट्टीवरची अक्षरे वाचायला कोणालाही पॅनेलखाली आडवे पडायला आवडत नाही.

ऊन किती पडले, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही

‘एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट’ हा ठोकताळा सगळ्यांना ठाऊक आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेच्या प्रचारातला महिन्याला सुमारे १२० युनिटांचा आकडाही त्याच ठोकताळ्याचा. वर्षाची सरासरी म्हणून तो वाईट नाही, पण महिन्याच्या तपासणीला कुचकामी आहे. मार्चमध्ये पाच युनिट सहज पडायला हवेत, तर जुलैच्या ढगाळ आठवड्यात अडीच पडले तरी तक्रारीला जागा नसते.

उन्हाची मोजणी चौरस मीटरवर पडलेल्या किलोवॅट-तासांत होते. एका चौरस मीटरवर १,००० वॅट तीव्रतेचे ऊन तासभर पडले तर तो एक पूर्ण उन्हाचा तास. पॅनेलची छापील क्षमताही याच १,००० वॅट उन्हात, पण पेशीचे (पॅनेलमधल्या वीज तयार करणाऱ्या सिलिकॉनच्या चकतीचे) तापमान २५ अंश सेल्सिअस ठेवून मोजलेली असते. मोठ्या प्रकल्पांवर पायरॅनोमीटर नावाचे उपकरण पॅनेलच्याच कलाने बसवून ऊन मोजतात. घरगुती कामासाठी उपग्रहांवरून काढलेली आकडेवारी पुरते. अमेरिकेच्या नासाच्या ‘पॉवर’ या संकेतस्थळावर आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश टाकले की रोजच्या उन्हाचा आकडा काही दिवसांच्या विलंबाने मिळतो. युरोपीय आयोगाचे ‘पीव्हीजीआयएस’ आणि जागतिक बँकेच्या मदतीने तयार झालेला ‘ग्लोबल सोलर अॅटलास’ यांतून अनेक वर्षांची सरासरी मिळते. हे सगळे विनामूल्य आहे.

येथे एक खाचखळगा आहे. या संकेतस्थळांवर पटकन दिसणारा आकडा आडव्या, सपाट जमिनीवर पडणाऱ्या उन्हाचा असतो, आणि आपली पॅनेल मात्र दक्षिणेकडे अठरा-वीस अंश कलती असतात. मराठवाडा साधारणपणे साडेसतरा ते साडेवीस उत्तर अक्षांशांमध्ये येतो. डिसेंबरात लातूर किंवा परभणीत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांपर्यंतच चढतो, म्हणून दक्षिणेकडे कलत्या पॅनेलला सपाट जमिनीपेक्षा बरेच जास्त ऊन मिळते. मेच्या मध्यास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जूनमध्ये तर दुपारी तो किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्याच पॅनेलला सपाट जमिनीपेक्षा कमी ऊन मिळते. ज्याने सपाट जमिनीचे आकडे धरले त्याला डिसेंबरात संच अचानक हुशार झाल्यासारखा वाटेल आणि मेमध्ये आळशी. तेव्हा ज्या संकेतस्थळावर सोय आहे तिथे कल आणि दिशा भरूनच आकडा घ्यावा. मार्च-मेच्या कोड्याचे अर्धे उत्तर इथेच सापडते.

पायरॅनोमीटर असलेल्या संस्थांसाठी एक इशारा. कोरड्या हवेत धूळ पॅनेलवर बसते तशी त्या उपकरणाच्या काचेवरही बसते. दोन्ही सारखेच मळले तर उपकरण ऊनही कमी दाखवते, पॅनेल वीजही कमी देते, आणि भागाकार मात्र उत्तम येतो. एखाद्या संस्थेचा अहवाल महिनोन्‌महिने एकसारखा चांगला दिसत असेल, तर पहिल्यांदा त्या उपकरणाची काच शेवटची कधी पुसली हे विचारावे.

कामगिरीचे गुणोत्तर

आता मुख्य भागाकार. प्रत्यक्ष मिळालेल्या युनिटांना, क्षमता गुणिले उन्हाचे तास या गुणाकाराने भागले की जे मिळते त्याला कामगिरीचे गुणोत्तर किंवा व्यवहारात ‘पीआर’ म्हणतात. आयईसी ६१७२४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा पाया हाच आहे.

समजा, आपल्या ३.३ किलोवॅटच्या संचावर मार्च महिन्यात पॅनेलच्या कलावर रोज सरासरी ६.५ तास पूर्ण ऊन पडले. एकतीस दिवसांचे ३.३ × ६.५ × ३१ म्हणजे सुमारे ६६५ युनिट ही आदर्श निर्मिती झाली. मीटरवर ४८५ युनिट दिसले, तर गुणोत्तर ०.७३ आले. आपल्याकडच्या उष्ण-कोरड्या हवेत सुस्थितीतल्या छतावरच्या संचाचे गुणोत्तर बहुधा ०.७५ ते ०.८० च्या आसपास राहते. ०.७३ हा आकडा घाबरण्याचा नाही, पण दुर्लक्ष करण्याचाही नाही.

सीयूएफ म्हणजे क्षमता वापराचे प्रमाण हा दुसरा आकडा निविदांमध्ये आणि प्रकल्प अहवालांत सर्रास दिसतो. वर्षाच्या ८,७६० तासांत संच पूर्ण क्षमतेने चालला असता तर जितकी वीज मिळाली असती तिच्याशी प्रत्यक्ष विजेची ती तुलना असते. आपल्या उदाहरणात वर्षाला ४,७०० युनिट मिळाले तर सीयूएफ १६ टक्क्यांच्या थोडा वर जातो. प्रकल्पातून पैसे किती मिळतील हे त्यावरून कळते. परंतु संच निरोगी आहे का, हे त्यावरून कळत नाही, कारण ढगाळ वर्षात निरोगी संचाचाही सीयूएफ पडतो. माझ्या मते घरगुती तपासणीत त्याच्या नादी लागू नये.

उष्णतेचा वाटा वेगळा काढणे

सिलिकॉनच्या पेशीला ऊन हवे असते, उष्णता नको असते. तापमान वाढले की पेशीचा व्होल्टेज घटतो. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे किती टक्के शक्ती घटेल हे त्या छापील तापमान गुणांकावरून समजते. मोनो पर्क पॅनेलसाठी हा आकडा साधारण ०.३५ टक्क्यांच्या आसपास असतो, टॉपकॉन पॅनेलसाठी ०.३० च्या आसपास. कोकणात दमट हवा आणि ढग ही अडचण असते. आपल्याकडे निरभ्र आकाश हा फायदा आहे आणि तापलेली पॅनेल ही त्याची किंमत.

पेशीचे तापमान काढण्याची सोपी रीत अशी: एनओसीटीच्या आकड्यातून २० वजा करावे, ८०० ने भागावे, उन्हाच्या तीव्रतेने गुणावे आणि त्यात हवेचे तापमान मिळवावे. एनओसीटी ४५ असेल, हवा ४१ अंश असेल आणि ऊन ९०० वॅटचे असेल, तर पेशी सुमारे ६९ अंशांवर जाते. म्हणजे २५ च्या वर ४४ अंश, आणि ०.३५ ने गुणले की १५ टक्क्यांहून अधिक घट. ५५० वॅटच्या पॅनेलने ९०० वॅट उन्हात ४९५ वॅट द्यायला हवेत, तिथे तापल्यामुळे ४१९ च्या आसपास देते. सहा पॅनेलचे अडीच किलोवॅट, त्यातून इन्व्हर्टर आणि वायरींची घट गेली की २.४ किलोवॅट उरतात. म्हणून मेच्या दुपारी ३.३ किलोवॅटच्या संचाने अॅपवर २.४ दाखवले, तर तो संच त्याचे काम चोख करतो आहे. हे एकदा समजले की फोनाफोनी निम्म्याने कमी होते.

हे गणित पडताळायचे असेल तर इन्फ्रारेड तापमापकाने पॅनेलच्या मागच्या पांढऱ्या पाठीचे तापमान घ्यावे आणि त्यात दोन-तीन अंश मिळवावेत. अॅल्युमिनियमच्या चौकटीवर नेम धरू नये, चकचकीत धातूवर हे उपकरण हमखास चुकीचा आकडा देते. मोजलेले तापमान गणितापेक्षा बरेच जास्त आले तर पॅनेलखाली हवा खेळत नाही असे समजावे. पत्र्याच्या शेडवर पत्र्याला चिकटवून ठोकलेली पॅनेल या कारणाने कायमची काही टक्के मागे राहतात, आणि ती घट धुऊन जात नाही.

महिन्याच्या हिशेबासाठी उन्हाच्या तासांतील पेशीचे सरासरी तापमान धरून गुणोत्तर सुधारून घेता येते. समजा, मेमध्ये गुणोत्तर ०.७४ आले आणि पेशी सरासरी ६० अंशांवर होती. घट सव्वाबारा टक्के, म्हणून ०.७४ ला ०.८७७५ ने भागावे, ०.८४ मिळते. डिसेंबरात गुणोत्तर ०.७८ आणि पेशी ४७ अंशांवर असेल, तर ०.७८ भागिले ०.९२३ म्हणजे पुन्हा ०.८४ च्याच आसपास. दोन महिन्यांत दिसलेला ०.०४ चा फरक निव्वळ उष्णतेचा होता, संचात काहीच बिघडलेले नव्हते. आता आधीच्या मार्चकडे पाहा. ०.७३, पेशी ५५ अंशांवर, घट साडेदहा टक्के, सुधारित आकडा ०.८२. उष्णता वजा केल्यावरही ०.०२-०.०३ ने कमी. इथे धुळीचा संशय घ्यायला आधार मिळतो.

हवेचे कमाल तापमान हवामान खात्याच्या किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान पत्रकातून घेता येते. कमाल तापमान दिवसभर टिकत नाही, हे लक्षात ठेवून उन्हाच्या तासांसाठी त्यातून तीन-चार अंश कमी धरावेत.

धूळ

धूळ हा इथला खरा विषय आहे, आणि ती सगळीकडे एका जातीची नसते. काळ्या मातीच्या गाडरस्त्याचा फुफाटा हलका असतो आणि वाऱ्याने पुष्कळसा निघूनही जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनचे मळणीयंत्र गावाजवळच्या खळ्यावर दोन दिवस चालले तर भुसकटाचा थर पॅनेलवर दिसू लागतो. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या राशीच्या वेळी हेच पुन्हा होते. साखर कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला घर असेल तर गळीत हंगामभर काळी काजळी पडते. ती तेलकट असते आणि नुसत्या पाण्याने जात नाही. खडी क्रशर, वीटभट्टी, परळीसारख्या औष्णिक केंद्राच्या परिसरातली राख, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडी भट्ट्यांची धूळ, यांचा थर वेगळा आणि अधिक चिवट असतो. म्हणून ‘पंधरा दिवसांतून एकदा धुवा’ हा सरसकट सल्ला मला पटत नाही. आपल्या छतावर रोज किती टक्के घट होते हे मोजूनच वेळापत्रक ठरवावे.

कोरड्या प्रदेशांत ही घट सामान्यतः दिवसाला ०.२ ते ०.५ टक्के आढळते. आपला आकडा काढण्याची घरगुती पद्धत अशी. ढग नसलेला दिवस निवडून दुपारी बारा ते एकच्या दरम्यान इन्व्हर्टरवरील किलोवॅट दर दहा मिनिटांनी लिहून घ्यावेत. मराठवाडा भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बराच पश्चिमेला असल्याने आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबाराच्या आसपास, म्हणून हीच वेळ धरावी. दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनेल धुवावीत आणि त्याच वेळेत पुन्हा आकडे घ्यावेत. आदल्या दिवशी सरासरी २.२१ आणि धुतल्यावर २.३८ आली, तर थर सात टक्के वीज खात होता. शेवटच्या धुण्याला किती दिवस झाले होते, त्याने भागले की रोजची घट मिळते. दोन दिवसांतले आकाश अगदी सारखे नसते, म्हणून हा प्रयोग एका हंगामात दोनतीनदा करून सरासरी घ्यावी.

ज्यांच्या इन्व्हर्टरला पॅनेलच्या दोन स्वतंत्र माळा जोडलेल्या आहेत, त्यांना याहून पक्की चाचणी करता येते. फक्त एक माळ धुवावी आणि दुसरी तशीच ठेवावी. दोन्ही माळांवर एकाच क्षणी तेच ऊन, तेच तापमान, त्यामुळे दोन्हींच्या आकड्यांतला फरक थेट धुळीचा असतो. दोन्ही स्वच्छ असताना त्यांचे प्रमाण किती होते, हे आधी एकदा नोंदवून ठेवायला हवे. काही जण पॅनेलचा जोड उघडून क्लॅम्प मीटरने करंट मोजण्याचा सल्ला देतात. तो काम जाणणाऱ्या तंत्रज्ञासाठीच आहे. सहा पॅनेलच्या माळेत उन्हात तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी दाब असतो, आणि चालू माळेचा जोड उघडला तर ठिणगी विझत नाही.

धुण्याचे अर्थशास्त्रही पाहावे लागते, कारण इथे पाणी फुकट नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे या भागात कोणाला सांगण्याची गरज नाही. रोज १५ युनिट देणाऱ्या संचावर दिवसाला ०.३ टक्के घट धरली, तर १५ दिवसांत एकूण सुमारे ५ युनिट बुडतात. ३० दिवस धुतले नाही तर बुडणारी युनिटे १० नव्हे, सुमारे २० होतात, कारण घट दिवसागणिक साचत जाते. महिन्यातून एकऐवजी दोनदा धुतले तर १० युनिट वाचतात. युनिटला सात रुपये धरले तर सत्तर रुपये. त्यासाठी वीसेक लिटर पाणी आणि अर्धा तास लागतो. घरच्या माणसाला हे परवडते, पगारी माणूस बोलावून कदाचित परवडणार नाही. रोजची घट ०.१ टक्का निघाली तर उन्हाळ्यातही महिन्याला एकदा पुरे.

पाण्याच्या प्रतीबद्दल मात्र तडजोड नको. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, आणि तापलेल्या काचेवर ते सुकले की पांढरा थर बसतो. तो धुळीपेक्षा वाईट, कारण तो पुढच्या धुण्याने निघत नाही. घरच्या आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी पॅनेलवर वापरण्याची चांगल्या हेतूने पडलेली एक पद्धत आहे. त्या पाण्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात, तेव्हा ते फरशीला वापरावे, काचेला नको. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम. ते नसेल तर बोअरचेच पाणी वापरून लगेच रबरी पट्टीने निपटून काढावे. धुण्याची वेळ सूर्योदयापूर्वीची. हिवाळ्यात पहाटे काचेवर दव असते, तेव्हा ओल्या मऊ फडक्याने पुसले तर पाणी जवळजवळ लागतच नाही. तेच दव न पुसता वाळू दिले तर धूळ चिकट होऊन बसते.

पॅनेलची खालची कड जवळून पाहावी. कल पाच-सात अंशांचाच ठेवला असेल तर पाणी आणि धूळ चौकटीच्या कडेशी अडते आणि बोटभर रुंदीचा मातकट पट्टा तयार होतो. उरलेली काच आरशासारखी असली तरी हा पट्टा पेशींची शेवटची ओळ झाकतो, आणि पॅनेलमधल्या पेशी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने नुकसान पट्ट्याच्या क्षेत्रफळापेक्षा पुष्कळ अधिक होते. पारव्यांची विष्ठा हीच करामत एका ठिकाणी करते, आणि शिवाय झाकलेली पेशी तापून काळी पडण्याचा धोका असतो. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या चार थेंबांनी पॅनेल धुतली गेली असे समजून स्वस्थ बसू नये. तेवढ्या पावसाने धुळीचा चिखल होऊन ठिपके उमटतात. जूनमधला दणकून झालेला पहिला पाऊस मात्र सगळ्यांची बाकी चुकती करतो, आणि त्या पावसानंतरच्या पहिल्या निरभ्र दिवसाचे आकडे वर्षभर संदर्भाला ठेवण्याजोगे असतात.

दिवसाचा आलेख वाचणे

उष्णता आणि धूळ यांचा हिशेब लागूनही तूट उरली तर अॅपमधला दिवसाचा आलेख पाहावा. निरभ्र दिवशी तो गुळगुळीत घुमटासारखा हवा.

मधेच शून्यावर जाऊन काही मिनिटांनी वर आला असेल तर दोष ग्रिडकडे आहे. लाइट गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर सुरक्षेसाठी थांबतोच, ऊन कितीही असो. गावाकडे आणखी एक प्रकार होतो: दुपारी डीपीवर भार कमी असताना व्होल्टेज २५३ च्या वर चढतो आणि इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. अॅपमध्ये त्या वेळचा एसी व्होल्टेज आणि चूक-संदेश दिसतो. त्याचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवून महावितरणकडे लेखी अर्ज द्यावा. बुडालेल्या तासांचा हिशेब काढताना हे तास वेगळे नोंदवावेत, नाहीतर ग्रिडचे पाप पॅनेलच्या माथी बसते.

घुमटाचा माथा सपाट कापल्यासारखा दिसला तर दोन शक्यता आहेत. थंड, स्वच्छ जानेवारीत इन्व्हर्टरची कमाल क्षमता गाठली गेली असेल, ते स्वाभाविक आहे. मेमध्ये तसे दिसले तर इन्व्हर्टर तापून हात आखडता घेत असण्याची शक्यता मोठी. पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याच्या बंद पेटीत टांगलेल्या इन्व्हर्टरचे हे नेहमीचे दुखणे आहे आणि त्याला सावलीत हलवणे हाच उपाय.

रोज त्याच वेळी खाच दिसत असेल तर ती सावलीची. टाकी, जिना, शेजाऱ्याचा नवा मजला यांची सावली मेमध्ये तपासून काही उपयोग नाही, कारण तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. ती डिसेंबरात, सकाळी नऊला आणि दुपारी साडेतीनला गच्चीवर जाऊन पाहावी. आणि अख्खा घुमटच एका दिवसापासून ठरावीक प्रमाणात खुजा झाला असेल, तर धूळ नव्हे, जोड किंवा वायर बघावी. धूळ हळूहळू चढते, खारीने कुरतडलेली वायर एका दुपारीच घात करते.

सौरपंपाचे मोजमाप वेगळे

शेतातल्या सौरपंपाला बहुधा युनिटांचा मीटर कोणी पाहत नाही, तिथे पाणीच मोजावे लागते. दोनशे लिटरचे बॅरल निरभ्र दुपारी किती सेकंदांत भरते हे पाहावे. चाळीस सेकंदांत भरले तर सेकंदाला पाच लिटर. पण केवळ या आकड्यावर निकाल देऊ नये. पाणी किती खोलीवरून उचलले जाते हे त्याच वेळी मोजणे अत्यावश्यक आहे, आणि तेही पंप चालू असतानाची पातळी. लिटर गुणिले मीटर भागिले ३,६७,००० केले की पाणी उचलण्याचे युनिट मिळतात. दिवसभरात ५०,००० लिटर पाणी ३० मीटरवरून वर आले तर साधारण ४.१ युनिटांचे काम झाले.

ऑक्टोबरात विहीर भरलेली असताना चाळीस सेकंदांत भरणारे बॅरल एप्रिलमध्ये ऐंशी सेकंद घेऊ लागले, तर पॅनेलला दोष देण्यापूर्वी पातळी पाहावी. उंची दुप्पट झाली असेल तर ढोबळमानाने पाणी निम्मेच येणार, पंपाने तेवढेच काम केले आहे. ठिबकला जोडलेल्या पंपासाठी दाबमापकावरच्या प्रत्येक किलोमागे दहा मीटर उंची मिळवावी. तुंबलेली गाळणी इथे हकनाक मीटर वाढवते, आणि ती साफ करायला पाच मिनिटे लागतात. लिटर-मीटरचा गुणाकारच घटला असेल, तेव्हा मात्र पॅनेल, कंट्रोलर आणि पंप या क्रमाने तपासणी करावी.

वर्षानुवर्षांची झीज आणि वॉरंटी

नवे पॅनेल पहिल्या वर्षी सुमारे दोन टक्के आणि नंतर दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास मागे पडेल असे उत्पादक गृहीत धरतात. आयआयटी मुंबईतील राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्राने राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेसह देशभरातल्या पॅनेलांची जी सर्वेक्षणे केली, त्यांत उष्ण प्रदेशांतली आणि छतांवरची पॅनेल तुलनेने लवकर झिजताना आढळली. मराठवाड्यातली छते या दोन्ही वर्गांत बसतात. तरीही एका वर्षाच्या आकड्यांवरून झिजेचा निष्कर्ष काढू नये, कारण उन्हाचा वार्षिक चढउतार त्याहून मोठा असतो. पॅनेल नुकतीच धुतलेली असताना, त्याच महिन्याचे, उष्णता वजा करून काढलेले गुणोत्तर किमान तीन वर्षे शेजारीशेजारी मांडले तरच उतार दिसतो.

गारपीट झाली तर मात्र तीन वर्षे थांबू नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने अनुभवलेली गारपीट पुन्हा होऊ शकते. पॅनेलची प्रमाणित चाचणी सहसा २५ मिलिमीटर व्यासाच्या बर्फाच्या गोळ्याने घेतलेली असते, आणि लिंबाएवढी गार त्याहून मोठी असते. काच शाबूत दिसली तरी आतल्या पेशींना सूक्ष्म तडे गेलेले असू शकतात. गारपिटीआधीच्या आणि नंतरच्या निरभ्र दुपारींचे आकडे तुलना करून पाहावेत आणि विम्याचा दावा करायचा असेल तर गारेचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून त्याच दिवशी काढावा.

वॉरंटीची तक्रार करताना ‘वीज कमी येते’ इतके लिहून भागत नाही. पॅनेलचे अनुक्रमांक, पट्टीचा फोटो, बारा महिन्यांची युनिटे, त्या महिन्यांचे कलत्या पृष्ठभागावरचे ऊन, सुधारित गुणोत्तर, धुण्याच्या तारखा आणि ग्रिड बंद असल्याचे तास एका पानावर मांडून जोडावेत. एकाच पॅनेलबद्दल शंका असेल तर त्याच माळेतल्या शेजारच्या पॅनेलचे पाठीचे तापमान त्याच वेळी मोजून दोन्ही आकडे द्यावेत. एखाद्याच पेशीच्या जागी दहा-पंधरा अंशांचा फरक दिसत असेल आणि तिथे विष्ठा किंवा सावली नसेल, तर तेवढी एक नोंदही तंत्रज्ञाला छतावर चढायला भाग पाडते.